धाकटीचा डेक

१

पत्त्यांच्या स्पर्धेत आरडाओरडा झाला तर पंचांना एका अर्थी बरं वाटतं. ओरडणाऱ्याचं दुखणं निदान उघड असतं. त्या दुपारी सहपंच पडद्याआडून आला तो तोंडातून अवाक्षर न काढता, आणि मुख्य पंचबाईंच्या काळजात तिथेच चर्र झालं.

"बाई, जरा आत येता?" एवढंच तो म्हणाला.

बाहेर हॉल भरला होता. फायनल सुरू व्हायची होती. मधल्या टेबलावर दिवा लावून झाला होता, लोक चांगली जागा मिळवायला खुर्च्या ओढत होते, आणि माइकवर चॅम्पियन नेहमीप्रमाणे सगळ्यांना हसवत होता. फार वर्षांपूर्वी हीच स्पर्धा जिंकलेला हा माणूस आता पत्त्यांचं दुकान चालवत असे आणि स्पर्धांचं समालोचन करत असे. त्याचं खरं नाव घ्यायची कुणाला गरजच पडत नसे.

पडद्यामागच्या टेबलावर फायनलआधीच्या तपासणीसाठी घेतलेला एक डेक पालथा पसरलेला होता. हा खेळ घरोघरच्या बावन्न पत्त्यांचा नव्हे. इथे प्रत्येक खेळाडू हजारो पत्त्यांतून निवडून आपापला डेक जुळवतो, एका पत्त्याच्या फार तर चार प्रती. फक्त डेकला बळ पुरवणारे साधे पत्ते हवे तितके घेता येतात. आज कोणता डेक घेऊन बसायचं, या निवडीतच निम्मा सामना होऊन जातो. पत्ते झिजू नयेत म्हणून प्रत्येकाला प्लास्टिकचं कव्हर असतं, आणि कव्हरांच्या पाठी एकसारख्या दिसल्या पाहिजेत. पाठीवरून पत्ता ओळखता आला तर मग तो खेळ कसला!

"दिवा असा तिरका धरा," सहपंच म्हणाला.

पंचबाईंनी पर्समधून भिंग काढलं. एरवी त्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत, त्यामुळे भिंग कायम जवळ असे. तिरक्या उजेडात काही गडद हिरव्या कव्हरांच्या कोपऱ्यात बारीकशी खाच दिसली. नखाची. नेमकी त्याच जागी, तेवढीच.

"हा चुकून पडलेला ओरखडा नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच." सहपंचाने खाच असलेले पत्ते बाजूला काढले आणि वरचे चार उलटे केले. चारही 'घंटा' होत्या. समोरच्याची चाल जागच्या जागी थांबवणारा, डेकमधला सगळ्यात मोलाचा पत्ता.

"डेक कुणाचा?" पंचबाईंनी विचारलं, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. त्या डेकची डबी त्यांनी सकाळपासून तीनदा पाहिली होती.

"धाकटीचा," सहपंच म्हणाला.

चॅम्पियनची धाकटी बहीण.

२

खुणेचे पत्ते वापरणाऱ्याला या खेळात दयामाया नाही. स्पर्धेतून बाद, आणि नंतर जन्मभर कुठल्याही स्पर्धेत पाय ठेवायची सोय नाही. त्यातून या जगात बातमी पसरायला वेळ लागत नाही. नाव एकदा खराब झालं की झालं.

धाकटी आत आली. इस्पितळात नर्स असलेली, मोजकं बोलणारी मुलगी. रात्रपाळी करून सकाळी थेट खेळायला येणं तिला नवं नव्हतं. ती उत्तम खेळायची, तरी लोक तिला ओळखायचे ते भावाची धाकटी म्हणूनच. मोठ्या स्पर्धेच्या फायनलला ती आज पहिल्यांदाच पोचली होती.

पंचबाईंनी आडपडदा न ठेवता काय सापडलं ते सांगितलं. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, मी नाही केलं. मी कशाला करीन?" तिने नकळत दोन्ही हात पुढे केले. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. "वॉर्डात आम्हाला नखं ठेवूच देत नाहीत."

"खाच करायला नखच लागतं असं नाही."

"पण मी हा डेक खेळायचं आज सकाळी ठरवलंय! नाव नोंदवायच्या अगदी आधी."

हे पंचबाईंना माहीत नव्हतं. "आधी काय खेळणार होतीस?"

"वणवा. सगळ्यांना वाटत होतं मी वणवाच खेळणार. आगीचा डेक, झटपट मारायचं, समोरच्याला श्वास घ्यायला सवड द्यायची नाही. पण माझा तो स्वभावच नाही, मॅडम. मी थांबून, पाहून खेळणारी. सकाळी मनाचा हिय्या केला आणि माझा स्वतःचा दलदलीचा डेक भरला. हळू चालतो, पण माझा आहे."

तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा जीव आला होता. पंचबाईंना ती मुलगी खरं बोलत असावीसं वाटलं. पण नुसतं वाटण्यावर निकाल देता येत नाही.

"हे बघ," म्हणून त्यांनी खाच असलेली सगळी कव्हरं तिच्यासमोर सरळ केली. चार घंटा, आणि आठ 'दलदल'. "काही सुचतंय का?"

धाकटी पत्त्यांकडे बघत राहिली. मग तिने त्यातला एक पत्ता उलटा करून कव्हराची पाठ पाहिली, बोट खाचेवरून फिरवलं, आणि एकाएकी हात मागे घेतला. आत्तापर्यंत घाबरलेली होती. आता तिचा चेहरा पार उतरला.

"कव्हरं कधी घातलीस ही?" पंचबाईंनी विचारलं.

"आठवत नाही."

"कुठून आणलीस?"

बाहेर माइकवर तिचा भाऊ काहीतरी म्हणाला आणि अख्खा हॉल हसला. ती खाली मान घालून ऐकत होती.

"मॅडम, चौकशी नका करू," ती अखेर म्हणाली. "मीच केलंय असं समजा. काय शिक्षा असेल ती द्या."

३

केलं नाही म्हणून रडणारे पंचबाईंनी पुष्कळ पाहिले होते. निर्दोष असल्याचं सांगता सांगता मध्येच गुन्हा कबूल करणारी ही पहिलीच. कुठेतरी पाणी मुरत होतं.

फायनलमधला दुसरा खेळाडू म्हणजे गणिताचे मास्तर. त्यांना आत बोलावून पंचबाईंनी घडलं ते थोडक्यात सांगितलं. धाकटी बाद झाली तर न खेळता करंडक मास्तरांचा, त्यामुळे संशय त्यांच्यावरही येणारच होता. मास्तरांनाही ते कळत होतं.

"मी तिच्या डेकला बोट लावलेलं नाही," ते ताठ बसून म्हणाले. "खेळात आमची दोघांची गाठ आज अजून पडलेलीच नाही. तिच्या मैत्रिणीने मात्र सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तिचा सगळा डेक हाताळलेला मी पाहिलाय. आणि तीच मैत्रीण सेमीफायनलला तिच्याकडून हरली. मी कुणावर आळ घेत नाही. पाहिलं ते सांगितलं."

"आळ न घेता बरंच सांगितलंत," पंचबाई म्हणाल्या. मास्तरांचे कान लाल झाले.

"मास्तर, आता गणित म्हणून सांगा. घंटेवर खूण का करतात ते कळलं. पण दलदलीवर कशासाठी? तो डेकला बळ पुरवणारा साधा पत्ता. तिच्या डेकमध्ये वीस आहेत, त्यातल्या फक्त आठांवर खूण आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. संशयित आहोत हे ते विसरले असावेत, कारण त्यांचा आवाज वर्गातला झाला.

"मग ती खूण कुचकामाची आहे. वरचा पत्ता खाचेचा दिसला, तर तो घंटा आहे की नुसती दलदल, हे कळणार कसं? उलट दलदल असायचीच शक्यता जास्त. फसवणारा इतका बावळट नसतो. आणि तिला अडकवायचं म्हणून दुसऱ्या कुणी केलं असतं, तर त्यानेही फक्त घंटाच निवडल्या असत्या. म्हणजे आळ कसा चोख बसला असता. यात कुणाचाच फायदा नाही, बाई. याला काही अर्थच लागत नाही."

पंचबाईंनी भिंगाखाली पुन्हा एक कव्हर धरलं. खाचेच्या तळाशी काळपट रेघ होती. बोटांचा मळ, साचून घट्ट बसलेला. तो एका सकाळीत साचत नाही, एका आठवड्यातही नाही.

"आजच्या डेकमध्ये अर्थ लागत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण खुणा पत्त्यांवर नाहीतच, मास्तर. त्या कव्हरांवर आहेत. आणि या कव्हरांत सकाळपर्यंत दुसरेच पत्ते होते."

४

मैत्रीण शिवणकाम करणारी, बोलायला फटकळ. आत आल्या आल्या तिने कंबरेवर हात ठेवले.

"मास्तरांनी माझं नाव घेतलं ना? घेऊ देत. हरले म्हणून मी तिचं वाईट करीन? हरल्यावर मीच तिला मिठी मारली, सगळ्या हॉलने बघितलंय."

"बस," पंचबाई म्हणाल्या. "सकाळी नेमकं काय झालं ते सांग. मनातलं काही मिसळू नकोस."

मैत्रीण बसली. "नाश्ता समोर थंड होत होता आणि ही डेक बघत बसलेली. एकदम म्हणाली, मी वणवा नाही खेळत. मी म्हटलं, वेडी आहेस का, आता? पण एकदा ठरलं की तिचं ठरलं. मग ती कव्हरातून एकेक पत्ता काढून मला देत गेली आणि मी तिच्या दलदलीच्या गठ्ठ्यातला वरचा पत्ता तिला देत गेले. त्याच कव्हरात तो जायचा."

"आधी कोणते पत्ते काढले?"

"आगीचेच, दुसरे कुठले! चार वणवा, मग चार ठिणगी. माझ्या गठ्ठ्यात वरती सगळ्या दलदलीच होत्या, त्या त्यांच्या जागी गेल्या. मग बाकीचे."

"आणि घंटा?"

"त्या दोन्ही डेकमध्ये लागतात. त्यांना हातच नाही लावला."

आठ कव्हरांचा हिशोब इतका सरळ असेल असं पंचबाईंना वाटलं नव्हतं. "कव्हरं नवी का नाही घातली? मोठ्या स्पर्धेला सगळेच बदलतात."

"मी नवी आणली होती तिच्यासाठी! पाकीटसुद्धा फोडू दिलं नाही. म्हणाली, ही जिंकलेली कव्हरं आहेत, हीच राहू देत. पत्ते बदलतेय तेवढं पुरे, सगळंच टाकलं तर त्याला वाईट वाटेल."

"कुणाला?"

मैत्रिणीने तोंड उघडलं आणि मिटलं. बोलून बसल्यावर आपण काय बोललो ते तिच्या आत्ता ध्यानात आलं होतं. ती डोळे विस्फारून पंचबाईंकडे बघत राहिली.

"सकाळी काढलेले आगीचे पत्ते कुठे आहेत?" पंचबाईंनी विचारलं.

"माझ्या पिशवीत," मैत्रीण अगदी लहान आवाजात म्हणाली.

५

चॅम्पियन माइक खाली ठेवून आत आला तो हसतच. "काय बाई, उशीर का? लोक मला खायला उठलेत." मग त्याला कोपऱ्यात बसलेली बहीण दिसली, आणि पालथे पसरलेले पत्ते दिसले.

पंचबाई त्याला तो मिसरूड फुटल्यापासून ओळखत होत्या. त्या जुन्या फायनलला त्या प्रेक्षकांत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आता त्यांना हे काम नकोसं झालं होतं, पण त्यांच्याऐवजी ते करणारं दुसरं कुणी नव्हतं.

"हा डेक तू हिला दिलास?"

"माझा वणवा? हो, मागच्या आठवड्यात. ज्याने जिंकलो तोच, जसाच्या तसा. पण ऐकलंय की बाईसाहेबांनी ऐन वेळी तो बाजूला ठेवला." तो बहिणीकडे पाहून हसला. तिने वर पाहिलं नाही.

"जसाच्या तसा म्हणजे कव्हरांसकट?"

"हो. का?"

खाच असलेल्या आठ कव्हरांतून पंचबाईंनी दलदल बाहेर काढली आणि मैत्रिणीच्या पिशवीतले वणवा आणि ठिणगी एकेक करून आत घातले. घंटा होत्या तिथेच राहू दिल्या. बाकीच्या कव्हरांतही सहपंचाने जुने पत्ते भरले. मग सगळा डेक नीट मिसळून पंचबाईंनी तो पालथा पसरला.

"मी आता पत्त्यांची तोंडं न बघता नुसत्या खुणेवरून उचलते," त्या म्हणाल्या.

त्यांनी दिवा तिरका केला आणि एकेक पत्ता उचलून उलटा ठेवत गेल्या. वणवा. घंटा. ठिणगी. वणवा. ठिणगी. घंटा. सामना जिंकून देणारे तेवढेच पत्ते होते त्या डेकमध्ये, आणि ते सगळे वर आले. एकही साधा पत्ता मध्ये आला नाही. वरचा पत्ता खाचेचा आहे एवढं दिसलं की थांबायचं की मारायचं हे कळलंच म्हणून समजा.

"खूप वर्षं वापरलेली कव्हरं आहेत, बाई. झिजतात," चॅम्पियन म्हणाला.

"झिजली असती तर सगळी झिजली असती. ही झीज पत्ते निवडून बसलीय. आणि खाचेतला मळ जुना आहे. हिच्याकडे डेक येऊन आठवडाच झालाय."

धाकटी उठून उभी राहिली. "मॅडम, मी मघाशीच कबूल केलंय. मीच केलं. तसं लिहून टाका आणि हे थांबवा."

सगळे चॅम्पियनकडे बघत होते. त्याने तोंड उघडावं, एवढंच बाकी होतं. एक शब्द पुरला असता. तो टेबलावरच्या पत्त्यांकडे बघत मूग गिळून बसला. बहिणीचं आयुष्यभराचं खेळणं संपत होतं आणि तो ते संपू देत होता, हे तिथल्या प्रत्येकाला दिसलं. तिलाही दिसलं. पंचबाईंना त्याची चीड आली, आणि त्याहून जास्त तिच्यासाठी वाईट वाटलं.

"खोटी कबुली मी लिहून घेत नाही," पंचबाई म्हणाल्या. "तू निर्दोष आहेस. आज तुझी चूक एवढीच की कव्हरं तपासली नाहीस. नियमाने पहिला डाव गमावशील, मग नव्या कव्हरांत पुढे खेळशील." त्या भावाकडे वळल्या. "हे बाहेर जाहीर करावं लागेल. खुणा सापडल्या, तरी हिला का खेळू दिलं, हे लोक विचारणार. कारण मी सांगू, की तू?"

६

चॅम्पियन बोलला तो पंचबाईंशी नव्हे, बहिणीशी.

"सेमीफायनलपर्यंत मी सरळ खेळलो होतो गं. मग भीती वाटली. घरचे सगळे बघायला येणार होते, तू पहिल्या रांगेत बसणार होतीस." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "नंतर त्या फायनलची गोष्ट इतक्यांदा सांगितली की मलाच खरी वाटायला लागली. तुला डेक देताना खुणा डोक्यातच नव्हत्या. शप्पथ सांगतो, जराही आठवलं नाही."

"आत्ता आठवलं होतं ना?" धाकटी म्हणाली. "मी उभी राहिले तेव्हा?"

त्याने मान खाली घातली.

"आज खाचेला हात लावल्यावर लगेच कळलं, मग मला आधी का नाही कळलं?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "कव्हरं तुझी होती म्हणून मी कधी तपासलीच नाहीत. दुसऱ्या कुणाची असती तर पहिल्या दिवशी तपासली असती."

चॅम्पियन उठला आणि पडदा सारून बाहेर गेला. तो पळून जाईल की काय असं सहपंचाला वाटलं आणि तो मागे निघाला, पण पंचबाईंनी त्याला हाताने थांबवलं. माइक खरखरला. सवयीने दोघातिघांनी आधीच हसायला सुरुवात केली.

तो फार बोलला नाही. आजच्या फायनलला आलेली खेळाडू माझी बहीण आहे, तिने काही केलेलं नाही, असं म्हणाला. तिच्या कव्हरांवर सापडलेल्या खुणा माझ्या हातच्या आहेत, मी जिंकलो त्या वर्षीच्या आहेत, असं म्हणाला. मी जिंकलो नव्हतो, असंही म्हणाला. मग माइक बंद झाल्याचा खट आवाज आला आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुणाला काही सुचेना.

आत धाकटी नव्या कव्हरांत पत्ते भरत होती. मैत्रीण मदतीला सरसावली तर तिने मानेनेच नको म्हटलं. तिचे डोळे भरले होते, हात मात्र कामाच्या सवयीने चालत होते. भरून झाल्यावर तिने स्वतःच दिवा तिरका धरला, भिंग मागून घेतलं आणि प्रत्येक पाठ तपासली. पंचबाईंनी घाई केली नाही.

बाहेर आल्यावर मास्तर तिच्यासाठी उठून उभे राहिले. एरवी ते कुणासाठी उठत नसत. हॉलमध्ये कुजबुज होती, पण तिच्या वाटेतून लोक बाजूला होत होते. ती खुर्चीवर बसली आणि तिने डेक समोर ठेवला.

तेवढ्यात तिचा भाऊ गर्दीतून पुढे आला. इतक्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती की तो दुसरीकडे जाणार तरी कुठे! तिच्या खुर्चीमागे एक स्टूल होतं, त्यावर त्याने हात ठेवला. लहानपणापासून ती खेळायची तेव्हा तो असाच मागे बसायचा; तिचे पत्ते बघायचा, चूक झाली की खांद्यावर बोट टेकवायचा.

"बसू का?" त्याने विचारलं.

धाकटीने वळून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. दमलेल्या माणसाने पाहावं तसं.

"बस ना दादा," ती म्हणाली. "पण माझे पत्ते दिसणार नाहीत असं बस."

त्याने स्टूल उचललं, बाजूच्या भिंतीपाशी नेलं आणि तिथे बसला. पंचबाईंनी खूण केली. धाकटीने पत्ते पिसले आणि पिसलेला डेक कापण्यासाठी मास्तरांच्या पुढे सरकवला.